आठ ते दहाचा पहारा

देवमाणूस हा शब्द माझ्यासमोर कोणी काढू नये. ज्याच्याकडून फुकट राबवून घ्यायचं असतं आणि ज्याला फसवलं तरी तो दारात येऊन भांडणार नाही अशी खात्री असते, त्याला आमच्याकडे देवमाणूस म्हणतात. आमचे हे गेली एकतीस वर्षं देवमाणूस आहेत.

हे म्हणजे प्राध्यापक बुधाजी गावंड. कॉलेजात शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, अंगात ट्रॅकसूट. मैदानात पाय टाकायच्या आधी वाकून माती कपाळाला लावतात आणि पोरींनाही लावायला लावतात. आगऱ्याच्या घरात जन्मून मासे खात नाहीत, त्यामुळे माझ्या माहेरी यांना जावई म्हणून काय वाढायचं हा प्रश्न आजतागायत सुटलेला नाही. मी मात्र खाते. माझी चूल वेगळी, तवा वेगळा, आणि त्यावरून आमच्यात कधी तंटा झाला नाही.

तरुणपणी हे कबड्डीत चढाईला जायचे. उजव्या बगलेतून चढाई करून पाय असा मारायचे की समोरचा कोपऱ्यावरचा गडी बघत राहायचा, असं जुने लोक सांगतात. राज्याच्या संघात निवड झाली होती. सामन्याआधी पंच म्हणाले, गळ्यातलं काढा, नियम आहे. ह्यांनी माळ काढली नाही. मुकाट बाकावर बसले आणि दुसरा पोरगा खेळला. तो पुढे रेल्वेत लागला आणि हे एका खेड्यातल्या कॉलेजात. मी लग्न करून आले तेव्हा सासूनं ही गोष्ट मोठ्या कौतुकानं सांगितली होती. मला तेव्हाही राग आला होता, पण नव्या नवरीनं राग कुणाला दाखवायचा?

आता मुद्द्यावर येते. ह्या वर्षी कॉलेजच्या मुलींनी आंतरमहाविद्यालयीन कबड्डी जिंकली. आमच्या कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा. संघात बारा पोरी, सात मैदानात आणि पाच राखीव. अकरा नंबरची राखीव होती प्राप्ती. हिची आई आवडाबाई चोंढीच्या नाक्यावर सुकी मासळी विकते. अंतिम सामन्यात उत्तरार्धात डाव्या कोपऱ्याची पोरगी पाय मुरगळून बाहेर आली आणि हिला आत घातलं. हिनं दोन पकडी केल्या, त्यातली दुसरी तर शेवटच्या मिनिटात. सामना एका गुणानं जिंकला. हे घरी आले ते सामना सांगताना जेवायचे राहिले. हात पसरून, गुडघ्यात वाकून, पाटावरच पकड दाखवत होते. सत्तावन्न वर्षांचा माणूस!

त्या विजयाचं प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद नव्हे. पोलीस भरतीत खेळाडूंच्या वेगळ्या जागा असतात. प्राप्ती तीन वर्षं पहाटे किनाऱ्यावर धावत होती ती त्यासाठीच. पुढच्या महिन्यात भरतीचे अर्ज भरायचे होते. बारा पोरींची यादी विभागप्रमुखाच्या, म्हणजे यांच्या, सहीनं शनिवारी दुपारी बारापर्यंत विद्यापीठाला जायची होती. त्या यादीत नाव असेल तिला प्रमाणपत्र. विभागप्रमुख गैरहजर असेल तर प्राचार्यांनी सही करायची, अशीही एक पळवाट त्या नियमात होती. नियम करणारे पळवाट आधी खणतात आणि मग नियम बांधतात.

शुक्रवारी दुपारी प्रज्योतशेठ घरी आला. कॉलेजच्या संस्थेचा अध्यक्ष. बापाची मिठागरं होती, ह्याचे आता बावीस ट्रक आहेत. यांचाच विद्यार्थी. मैदानावर मार खाल्लेला, माझ्या हातची भाकरी खाल्लेला. आला तो ड्रायव्हरच्या हातात पिशवी देऊन. पिशवीत पापलेटं! माळकऱ्याच्या घरात, तेही सप्ताह चालू असताना.

"काकी, खास तुमच्यासाठी. थळच्या बोटीवरची हायत."

आमच्या मारुतीच्या देवळात मार्गशीर्षात अखंड हरिनाम सप्ताह असतो. ते सात दिवस गावात कुणाच्या घरी मासळी शिजत नाही, माझ्याही नाही. आणि त्या सप्ताह कमिटीचा अध्यक्ष कोण? हाच. मी पिशवीत एकदा बघितलं, खोटं कशाला बोलू, ताटभर मोठी ताजी पापलेटं होती, आणि पिशवी परत ड्रायव्हरच्या हातात दिली.

प्रज्योतशेठ हसला आणि यांच्याकडे वळला. "सर, एक छोटी गोष्ट व्हती. आमची अमिषा हाय ना, भावाची पोरगी. तिचं नाव यादीत टाकायचं. राखीवमध्ये."

"बारा जनी झाल्यान," हे म्हणाले.

"व्हय, म्हणून तर आलो. ती अकरा नंबरची, मासळीवालीची. राखीवच ना ती? कोन बघतंय?"

"मी बघितलाय," हे म्हणाले. "दोन पकडी केल्यान तिनं. गुणपत्रकात हायत."

"गुणपत्रक तुमच्याकडंच हाय ना, सर."

"म्हणून तर सांगतोय."

एवढंच. आवाज चढला नाही, हात वर झाला नाही. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. अमिषानं आयुष्यात कबड्डीच्या मैदानाची फक्कीची रेघही ओलांडली नसेल. ताकाला आला आणि भांडंही लपवलं नाही, इतका माणूस निलाजरा! प्रज्योतशेठ उठला, यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "सर, तुम्ही देवमाणूस." तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

संध्याकाळी देवळात हरिपाठ झाल्यावर दुसऱ्या दिवसाचे पहारे वाचून दाखवले. सप्ताहात वीणा सात दिवस, सात रात्री भुईला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात आहे त्यानं उभं राहून नाम घ्यायचं. दोन दोन तासांचा पहारा. पुढचा येईपर्यंत मागच्यानं जागा सोडायची नाही, मग घराला आग का लागेना. यांचा पहारा वर्षानुवर्षं पहाटे चार ते सहा. त्या दिवशी प्रज्योतशेठनं वाचलं, "सर, आठ ते धा. त्यांच्यामागं दीपेश, धा ते बारा." दीपेश त्याचाच पुतण्या. यांनी हात जोडले. दहाला मोकळं व्हायचं, मग कॉलेजात जाऊन सही करायची, असा यांचा हिशेब. तो मलाही बरोबर वाटला. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

शनिवारी अकरा वाजता घरातला फोन वाजला. कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क परेश बोलत होता, दबक्या आवाजात.

"काकी, सर कुठं हायत? फोन बंद हाय त्यांचा."

"देवळात बंदच असतो. अजून तुझ्याकडं पोचले न्हाईत?"

"न्हाय ना. काकी, हितं नवीन यादी टाईप झालीय. अकरा नंबरला अमिषाचं नाव हाय. पावणेबारापर्यंत सर न्हाय आले तर प्राचार्य सही करनार, गैरहजर म्हनून. मी सांगितलं म्हनू नका."

मी पदर खोचला आणि देवळाकडे निघाले. चालत नव्हे, जवळजवळ धावतच.

देऊळ रिकामं होतं. शनिवारी सकाळी पन्नास माणूस असतं तिथं. गावातले सगळे माळकरी प्रज्योतशेठच्या नव्या बंगल्यावर पूजेला आणि फराळाला गेले होते. सकाळी गाडी पाठवून एकेकाला उचलून नेलं होतं. मागे उरले ऐंशीचे पांडूबुवा, ज्यांचा उजवा हात वाऱ्यानं गेलाय, आणि वाती वळत बसलेल्या येसूबाई आणि चंद्राबाई. मध्ये हे उभे. गळ्यात वीणा, डोळे मिटलेले, तोंडानं रामकृष्णहरी. डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं. लोक म्हणतील भक्तीचं. मला माहीत होतं कसलं ते. भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा झाले होते.

"दीपेश?" मी विचारलं.

यांनी मान हलवली.

मी परेशचा फोन सांगितला. हे ऐकत राहिले, तारेवरचं बोट थांबलं नाही. मग म्हणाले, "वीना खाली ठेवता येत न्हाय, गोदू."

"पांडूबुवांना द्या."

"त्यांना पेलवत न्हाय. पडली तर?"

"मग तुम्ही अशेच उभे रानार? ती पोर तीन वर्षं वाळूत धावली ती ह्यासाठी?"

"मी काय करू, सांग." असं म्हणाले हे! ज्या माणसाला मैदानावर कधी 'काय करू' म्हणताना कोणी ऐकलं नाही, तो माणूस देवासमोर तोंडात मारल्यासारखा उभा. मला त्या प्रज्योतचा राग आला, प्राचार्यांचा आला, फराळाला गेलेल्या त्या सगळ्या पोटभरूंचा आला, आणि खरं सांगू, यांचाही आला. ह्यांची श्रद्धा ओळखूनच त्यांनी हा सापळा लावला होता. लबाड माणसाला बांधायला दोर लागतो. चांगल्या माणसाला त्याचाच नियम पुरतो.

मी नळाखाली हातपाय धुतले आणि समोर जाऊन उभी राहिले.

"द्या इकडं."

"काय?"

"वीना द्या. मी उभी राते."

चंद्राबाई मध्ये पडली. "अगो, बायका हात लावत न्हाईत वीनेला. आपल्या गावात न्हाय ती पद्धत."

"आनि तुझ्या गळ्यात माळ पन न्हाय," हे म्हणाले. हळूच म्हणाले, पण म्हणाले.

"न्हाय माझ्या गळ्यात माळ. मासे खाते मी, सगळ्या गावाला म्हाईत हाय. पन सात दिवस ह्या देवळाचं आंगन कोन सारवतं? पंगतीच्या भाकऱ्या कोन भाजतं? तेव्हा देवाला माझे हात चालतात ना? ज्यांच्या गळ्यात माळा हायत ते सगळे थितं बंगल्यावर शिरा खातायत, आनि त्यांनीच तुम्हाला हितं बांधून ठेवलाय. देव कोनाच्या बाजूनं हाय ते तुम्ही ठरवा. मला घड्याळ दिसतंय."

अकरा बावीस.

येसूबाई म्हातारी, अर्धी बहिरी, पण हे तिला नीट ऐकू गेलं. वातींचं ताट बाजूला सारून म्हणाली, "दे रे बुधाजी. वीना भुईला टेकली न्हाय म्हंजे झालं."

एकतीस वर्षांत ह्या माणसानं देवाचा एक नियम मोडलेला मी बघितला नव्हता. मग यांनी मान वाकवली आणि वीणेचा पट्टा स्वतःच्या डोक्यावरून काढून माझ्या गळ्यात घातला. जड असते हो वीणा. पुरुष इतकी वर्षं काय मिरवत होते ते तेव्हा खांद्याला कळलं.

"तार सोडू नको. नाव सोडू नको," हे म्हणाले, आणि देवळाबाहेर पळाले.

पळाले म्हणजे खरंच पळाले. रस्त्यानं कॉलेज सहा किलोमीटर, आणि शनिवारी मांडव्याला गाड्या आणणारी रो-रो बोट लागली की मुंबईच्या गाड्यांची रांग थेट अलिबागपर्यंत. त्या रांगेत रिक्षाही अडकते. म्हणून हे खाडीच्या बांधानं गेले. तीन किलोमीटर, मध्ये दोन ठिकाणी बांध फुटलेला. उजव्या गुडघ्यात दहा वर्षांपासून दोष आहे, डॉक्टरनं जिने चढायला मनाई केलेली. जिताडा मासा पाळतात त्या तळ्यावरच्या माणसानं नंतर मला सांगितलं, "काकी, धोतर खोचलेला माणूस चिखलातना धावत व्हता, मला वाटला चोर हाय."

इकडे मी उभी. आधी दहा मिनिटं नुसती भीती. नाम घेताना आवाज फुटेना. चंद्राबाई दारात जाऊन उभी राहिली, न जाणो देव काही करेल तर आपण बाहेर असलेलं बरं. येसूबाई मात्र टाळ घेऊन माझ्या बाजूला बसली. मग आवाज लागला. मला वाटलं होतं देवाचं नाव घेताना मन शांत होतं. माझं तर एकेका नामाला पेटत होतं. रामकृष्णहरी, पावणेबारा झाले. रामकृष्णहरी, पोचले असतील का? रामकृष्णहरी, त्या प्राचार्याच्या पेनातली शाई वाळो.

बाराला पाच मिनिटं असताना देवळापुढे गाड्या थांबल्या. फराळ संपला होता. पुढे दीपेश, केस ओले, इस्त्रीचा सदरा. दहाचा पहारा आणि बाराला हजर! मला बघून त्याचा पाय उंबऱ्यातच थांबला. मागून प्रज्योतशेठ आला, त्याच्यामागे सगळी माळकरी मंडळी.

"काकी? सर कुठं हायत?"

"गेले. तुम्हाला ते जिथं नको व्हते, तिथं गेले."

त्याचा चेहरा उतरला. खिशातून फोन काढला, बाजूला गेला, कुणाशी तरी बोलला आणि परत आला तो आवाज चढवूनच. "हे काय चाललंय? बाईमानसाच्या गळ्यात वीना? मासे खानाऱ्या बाईच्या? चाळीस वर्षांचा सप्ताह खंडित केला तुम्ही!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आणि ती माणसं, तोंडाला शिऱ्याचं तूप लागलेली, माना हलवू लागली. खंडित झाला, शुद्ध करून घ्यावं लागेल, पुन्हा पहिल्या दिवसापासून बसावं लागेल. दीपेश हात पुढे करून म्हणाला, "काकी, द्या इकडं."

"तुझा पहारा धाचा व्हता. धा वाजता कुठं व्हतास?"

तो काकाकडे बघायला लागला.

"वीना भुईला टेकली?" मी सगळ्यांना विचारलं. "येसूबाई, टेकली का? नाम थांबला का? मग खंड कसा पडला? खंड पडला असता तो तुमच्यामुळं. एक मानूस हितं एकटा ठेवून तुम्ही पन्नास जन बंगल्यावर गेलात. एकालाही धा वाजता आठवला न्हाय, सरांचा पहारा संपला म्हनून? आठवला असंल. पन वाटीत अजून शिरा व्हता."

प्रज्योतशेठ म्हणाला, "ठीक हाय. सर येऊ देत. सर नियमाचा मानूस. सरच सांगतील काय प्रायश्चित्त घ्यायचं ते. सरांचा शब्द आम्हाला मान्य."

आणि इथं तो बरोबर बोलला होता. घाईत वीणा देणं वेगळं आणि पन्नास माणसांसमोर ते दिलं म्हणणं वेगळं. ज्यानं माळेपायी राज्याचा संघ सोडला, तो माझ्यापायी देवाचा नियम सोडेल? हे येतील, हात जोडून देवाची माफी मागतील, माझ्या वतीनंही मागतील, आणि मी ते उभ्या उभ्या ऐकायचं. मी वीणा सोडली नाही. बाराचा पहारेकरी आला, त्यालाही दिली नाही. पाय दगड झाले होते. तरी मंडळी खाली बसून राहिली, तमाशा सोडून कोण जातं?

एक वाजून गेल्यावर हे आले. परेशनं बांधापर्यंत सोडलं होतं, पुढे लंगडत. गुडघ्यापर्यंत चिखल, सदरा अंगाला चिकटलेला. आधी नळावर पाय धुतले. सावकाश, दोन्ही, घोट्यापर्यंत नीट.

"सर," प्रज्योतशेठ उभा राहिला, "तुम्हीच सांगा आता."

यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. माझ्यासमोर आले. मला धीर नव्हता. नाम थांबवता येत नाही म्हणून मी दोन नामांच्या मध्ये विचारलं, "प्राप्ती?"

"अकरा नंबर," हे म्हणाले. "मी हजर व्हतो. सही माझीच झाली. पावणेबाराला चार मिनिटं बाकी व्हती."

मग हे खाली वाकले. दुखरा गुडघा टेकवला आणि माझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. वीणेकऱ्याच्या पाया पडायचं ही सप्ताहाची रीतच आहे. लहान थोर, बाप मुलाच्यासुद्धा पडतो. पण माझ्या? गावासमोर? मला पाय मागे घ्यायचे होते आणि घेता येत नव्हते, हात वीणेवर होते. यांच्या केसांतून चिखलाचं पाणी माझ्या पावलांवर गळत होतं.

येसूबाई उठली आणि तीही वाकली. तिच्यामागे पांडूबुवा, डावा हात भुईला लावून. प्रज्योतशेठ तेवढा उभा राहिला. "सोमवारी ऑफिसात भेटा, सर," म्हणाला आणि निघून गेला. दीपेश मागोमाग. बाकीच्यांनी एकमेकांकडे बघितलं. काही वाकले, काही नाही वाकले. कोण वाकलं नाही ते मी बघून ठेवलंय.

मी वीणा यांच्यापुढे केली. यांनी ती घेतली नाही. येसूबाईच्या हातातले टाळ मागून घेतले आणि माझ्या मागे जाऊन उभे राहिले.

"दोनपर्यंत तुझा पहारा हाय," हे म्हणाले.

पाऊण तास! माझे पाय मोडून आले होते, खांदा सुजला होता, सकाळपासून पोटात चहाचा घोट नव्हता, आणि ह्या माणसाला कौतुक सुचत होतं. असा राग आला मला यांचा की डोळ्यांत पाणी आलं. मी नाव घेतलं आणि मागून यांनी टाळ धरला.